मैदानाचे डबे आणि हॉलच्या भिंती

वसई-विरारकडे समारंभासाठी हॉल पाहायला घरातली चार जाणती माणसे जातात. पार्किंग बघतात, ताटाचा दर घासाघीस करून खाली आणतात, एसी किती टनांचे आणि वीज गेली तर जनरेटर कोणाच्या खर्चाने चालणार हे विचारून घेतात. साऊंडचा विषय निघतो तो अगदी पायरी उतरताना, आणि ‘दोन टॉप, दोन बेस, एक कॉर्डलेस’ एवढ्यावर संपतो. फार तर कोणी तरी विचारते, ‘आवाज पुरेल ना?’ त्यावर साऊंडवाल्याचे ठरलेले उत्तर असते, ‘काका, खिडक्या हलतील.’ खिडक्या खरेच हलतात. तरीही शेवटच्या टेबलावरच्या आजीला नातवाच्या भाषणातले एक वाक्य धड कळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये आवाज कमी पडत नाही, तो स्पष्ट पोचत नाही. आणि या दोन दुखण्यांवरची औषधे एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्यावर ताकद वाढवावी लागते. दुसऱ्यावर बॉक्स माणसांजवळ न्यावे लागतात आणि आवाज उतरवावा लागतो. म्हणून भाड्याच्या हॉलसाठी साऊंड निवडताना वॅट, इंच आणि डब्यांची संख्या हे सगळे नंतरचे. हॉल केवढा, कशाचा बनलेला, आणि त्या संध्याकाळी बोलणे किती व नाचणे किती, हे आधी पाहायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

हा उलटा क्रम रूढ कसा झाला हे समजायला वसईच्या गेल्या दोन पिढ्यांकडे पाहावे लागते. पश्चिम पट्ट्यात, निर्मळ-गास-भुईगावापासून नंदाखाल-आगाशीपर्यंत, लग्न घराच्या अंगणात किंवा वाडीत घातलेल्या मंडपात व्हायचे. ख्रिस्ती लग्नात ब्रास बँड, आगरी-कोळ्यांच्या हळदीत बेंजो, आणि दोन्हीकडे डोक्यावर कापड सोडले तर आभाळ. लाऊडस्पीकर आला तोही उघड्यावरच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि गेलेला आवाज परत येत नाही, कारण परतवायला भिंत नसते. तिथे ताकद लागतेच. नवरात्रातला गरबा, गणपतीची मिरवणूक, मैदानावरचे कार्यक्रम यांनी साऊंडवाल्याचा माल ठरवला: १८ इंची बेस, एकावर एक रचलेले टॉप, टेम्पोभर मशीन. मग गाव बदलले. जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि काही गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला अंगण नसते, म्हणून हॉल आले. दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर, चर्चच्या आवारात, ज्ञातिसंस्थेच्या इमारतीत, हायवेच्या बाजूला. माल मात्र मैदानाचाच राहिला. यात साऊंडवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याने कर्ज काढून मिरवणुकीच्या हिशेबाने डबे घेतले, तो लग्नसराईसाठी दुसरा संच कशाला घेईल? मागणाराच जर डबे मोजून पैसे देत असेल, तर मुळीच नाही घेणार.

बंदिस्त जागेत आवाज वेगळा वागतो, हे मोजून दाखवणारा पहिला माणूस वॉलेस सबाइन. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह असे बांधले गेले की त्यात प्राध्यापकाचे बोलणे कोणाला समजेना. एक शब्द विरण्याआधी पुढचे कित्येक शब्द त्यावर येऊन आदळत. सबाइनने रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा आणून त्या खोलीत पसरल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र आजही जगभर वापरतात: खोलीचे घनफळ जितके जास्त तितके घुमणे जास्त, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितके ते कमी. आपल्याकडचा एक सर्वसाधारण हॉल घेऊ. लांबी २४ मीटर, रुंदी १२, उंची ४; म्हणजे ८० फूट बाय ४० फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर प्लास्टर, भिंतींवर ऑइलपेंट, एका बाजूला सरकत्या काचा, आणि हौस म्हणून आरसे. यातला कुठलाच पृष्ठभाग आवाज गिळत नाही. सरासरी ५ टक्के शोषण धरले तर रिकाम्या हॉलमध्ये आवाज विरायला सव्वाचार सेकंद लागतात. त्यात २०० माणसे बसली की हाच काळ दीड सेकंदाच्या खाली येतो, कारण साड्या, कोट आणि अंगे मिळून भिंतींपेक्षा कितीतरी जास्त आवाज शोषतात. दुपारी चार वाजता रिकाम्या हॉलमध्ये ‘हॅलो, चेक, चेक’ करून ठरवलेले बटण रात्री आठ वाजता निरुपयोगी ठरते ते यामुळे. संध्याकाळी हॉल भरल्यावर मिक्सरवर कोणी तरी कान देऊन उभा असावा लागतो. तो असणार की डबे लावून पुढच्या ऑर्डरला जाणार, हे विचारणे वॅट विचारण्यापेक्षा महत्त्वाचे.

याच सूत्रावरून आणखी एक आकडा काढता येतो, आणि माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. बॉक्समधून कानाकडे दोन आवाज येतात. एक सरळ येतो, दुसरा भिंती-छत-फरशीवर आपटून. बॉक्सच्या जवळ सरळ आवाज वरचढ असतो, लांब गेल्यावर घुमणारा. या दोघांची बरोबरी होते ते अंतर वर दिलेल्या हॉलमध्ये, नेहमीच्या टॉपसाठी, रिकामा असताना सुमारे २ मीटर आणि भरलेला असताना साडेतीन-पावणेचार मीटर येते. म्हणजे बारा फुटांपलीकडे बसलेला प्रत्येक पाहुणा मुख्यतः भिंतींचा आवाज ऐकत असतो. या अंतराच्या तिपटीपर्यंत कान आणि मेंदू मिळून अर्थ लावतात. त्यापलीकडे व्यंजने गळतात, ‘पन्नास’ की ‘पंचावन्न’ कळत नाही, आणि माणूस भाषण सोडून शेजाऱ्याशी बोलू लागतो. आता मास्टर, म्हणजे मिक्सरवरचे एकूण आवाजाचे बटण, वर केला तर काय होईल? सरळ आवाज वाढेल, घुमणाराही तेवढाच वाढेल, आणि दोघांचे प्रमाण जिथल्या तिथे राहील. स्पष्टता तसूभर वाढणार नाही. उलट पाहुणे आणखी मोठ्याने बोलतील. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच दाखवले होते. गोंगाट वाढला म्हणून साऊंडवाला पुन्हा मास्टर वर करतो. दहाच्या सुमारास सगळा हॉल ओरडत असतो आणि कोणालाच काही ऐकू येत नसते.

यावर उपाय नवा नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये घुमट इतका घुमतो की प्रवचन मागे पोचेना, तेव्हा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पार्किन आणि टेलर या दोघांनी तिथे उभे, अरुंद कॉलम स्पीकर बसवले. कॉलमचा आवाज आडवा पसरतो पण वर-खाली फारसा जात नाही, म्हणून तो माणसांवर पडतो आणि छतावर कमी. शिवाय मागच्या कॉलमला आवाज थोडा उशिरा पोचेल अशी सोय त्यांनी केली. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो. २० मीटरवर पोचायला त्याला ५८ मिलिसेकंद लागतात. मागच्या बॉक्सला विजेच्या तारेतून आवाज तत्काळ मिळाला आणि पुढचा नंतर आला तर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. मागच्याला तेवढा, आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद, थांबवले की ऐकणाऱ्याला वाटते आवाज स्टेजवरूनच आला, फक्त स्पष्ट आला. सेंट पॉलमध्ये यासाठी फिरते चुंबकीय ड्रम लावावे लागले होते. आज बऱ्याचशा डिजिटल मिक्सरवर ती सोय असते, आणि साऊंडवाल्याने डिले हा शब्द ऐकून मान हलवली की आकाशाकडे पाहिले, यावरून माणसाची पारख होते. तर या हॉलसाठी माझी निवड अशी: स्टेजच्या दोन बाजूंना दोन १२ इंची टॉप, आणि हॉलच्या मध्यावर दोन्ही भिंतींजवळ दोन लहान बॉक्स, डिले देऊन. सगळे स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा उंच आणि तोंड खाली झुकवून माणसांकडे, समोरच्या काचेकडे नव्हे. शंभर-सव्वाशे माणसांच्या हॉलला बाजारात मिळणारे दोन बारीक कॉलम पुरतात. आपल्या चर्चांमध्ये आणि सभागृहांमध्ये अहुजासारख्या देशी कंपन्यांचे कॉलम भिंतीवर दिसतात, त्यांना जुनाट समजून बंद ठेवण्याआधी एकदा भाषणापुरते चालू करून ऐकावे.

जाणकाराचा यावर एक सडेतोड आक्षेप येईल: जितके बॉक्स जास्त तितका घुमणारा आवाजही जास्त, मग फायदा कसला? आक्षेप खरा आहे. एकाचे चार बॉक्स केले की घुमणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. पण समजा, मागचे टेबल बॉक्सपासून २० मीटरवर होते ते आता ५ मीटरवर आले. अंतर चौथाईवर आले म्हणून सरळ आवाज १२ डेसिबलने वाढला. निव्वळ नफा ६ डेसिबलचा, आणि त्यानंतर सगळेच खाली उतरवता येते. बॉक्स वीस केले तर मात्र हा नफा हळूहळू संपतो. म्हणून संख्या वाढवणे हाही मंत्र नव्हे, अंतर कमी करणे हा आहे.

वॅटचा हिशेबही मांडून टाकू, कारण खरेदी-भाड्याच्या बोलण्यात तोच आकडा सर्वांत जास्त फेकला जातो. बऱ्यापैकी व्यावसायिक टॉप १ वॅटला १ मीटरवर ९७ डेसिबलच्या आसपास देतो. दहापट वॅटला १० डेसिबल वाढतात, म्हणजे १०० वॅटला ११७. मोकळ्यावर ८ मीटर गेल्यावर त्यातले १८ उतरले तरी ९९ उरतात, आणि हॉलमध्ये तर भिंती भर घालतात. ९९ डेसिबल म्हणजे शेजारच्याच्या कानात ओरडावे लागेल इतका आवाज, तोही एका बॉक्समधून, १०० वॅटवर. याउलट वॅट दुप्पट केले तर कानाला जेमतेम जाणवणारा ३ डेसिबलचा फरक पडतो. आवाज दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. साऊंडवाले यावर म्हणतात की ताकद राखीव हवी, आणि ते बरोबर आहे. संगीतातला ढोल किंवा टाळी सरासरीपेक्षा दहा-बारा डेसिबल वर उसळते. ती फाटू नये म्हणून १०० वॅटवर चालणाऱ्या बॉक्समागे हजार वॅटची ऐपत असावी. मोठी मशीन हळू वाजवणे हे लहान मशीन ताणून वाजवण्यापेक्षा केव्हाही चांगले. पण मग हजार वॅटचे दोन टॉप पुरे झाले. दहा हजारांची भाषा, आणि खोक्यावर छापलेले ते पीएमपीओचे लाखाचे आकडे, यांचा हॉलशी संबंध नाही. वॅट विचारायचेच असतील तर आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणारे, विचारावेत.

खरा विरोध भौतिकशास्त्राचा नाही, मजेचा आहे. नाचायला पोटात धडधड लागते, कोळीगीतावर आणि डीजेच्या रीमिक्सवर पाय आपोआप उचलले जावेत तर बेस हवाच, आणि कॉलम लावून बसलेली मैफल ही हळद नव्हे, असे तरुण मुले म्हणतील. त्यांचे म्हणणे मला अर्धे पटते. नाचासाठी बेस हवा; तो साऱ्या हॉलला का हवा? नाचाची जागा फार तर हॉलचा तिसरा भाग असते. बेसचे दोन डबे दोन टोकांना लावायची पद्धत दिसायला छान, पण त्याने मधल्या पट्ट्यात धडधड दुप्पट होते आणि बाजूला पोकळी पडते. दोन्ही डबे एकत्र, नाचाच्या जागेच्या पुढ्यात, कोपऱ्यापासून दूर ठेवले तर कमी ताकदीत जास्त सारखा बेस मिळतो. नाच सुरू झाला की मधले डिलेचे बॉक्स बंद करावेत किंवा अगदी खाली आणावेत. मग नाचणाऱ्यांजवळ ९८-१०० आणि जेवणाऱ्यांकडे आठ-दहा डेसिबल कमी, असे दोन प्रदेश एकाच छताखाली नांदू शकतात. फरक याहून मोठा करता येत नाही, कारण शेवटी हॉल घुमतोच. म्हणून म्हाताऱ्या माणसांची टेबले आणि पाळणे नाचाच्या विरुद्ध टोकाला मांडणे हा साऊंडच्याच निवडीचा भाग समजावा.

शंभर ही मर्यादा मनाने घेतलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी जे मानक दिले त्यात १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. कामगारांसाठीचा अमेरिकी संस्थेचा सल्ला याहून कडक: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला १५ मिनिटे. पाहुणा महिन्यातून एकदा येतो. वाढपी, फोटोग्राफर आणि खुद्द डीजे लग्नसराईत रोज तिथे असतात, आणि त्यांच्या कानांचा विचार कोणत्याही पॅकेजमध्ये धरलेला नसतो.

बेसची दुसरी बाजू भिंतीपलीकडे दिसते. भिंत किंवा काच उंच स्वर चांगले अडवते, खालचे जवळजवळ सोडून देते. म्हणून समोरच्या इमारतीत गाणे कोणते ते कळत नाही, नुसते धप्प धप्प पोचते. त्यातच मोजण्याची पद्धत बेसला सवलत देते. कायद्यातले डेसिबल ‘ए’ भाराचे आहेत आणि त्या भारात ६३ हर्ट्झच्या आवाजातून मीटर २६ डेसिबल वजा करतो. मोबाइलवरच्या अॅपमध्ये आकडा नियमात बसतो आणि शेजाऱ्याच्या कपाटातली भांडी वाजतात, अशी वेळ येते ती यामुळे. ज्या घरात रुग्ण आहे त्याला आकडा दाखवून काय उपयोग? हॉल पहिल्या मजल्यावर असेल तर बेसचे डबे जाड रबराच्या किंवा फोमच्या पट्टीवर ठेवायला सांगावे. त्याने हवेतून जाणारा बेस थांबत नाही, पण स्लॅबमधून खालच्या दुकानात उतरणारी थरथर कमी होते.

कायद्याविषयी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत आहे: दहाची बंदी मैदानाला, बंद हॉलला नाही. समजूत निम्मी खरी आहे, म्हणूनच धोक्याची. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात लाऊडस्पीकर, आणि २०१०च्या दुरुस्तीनंतर वाद्येही, वाजवता येत नाहीत. अपवाद बंदिस्त जागेचा, ज्यात समाजगृहे आणि बँक्वेट हॉल यांचा नावाने उल्लेख आहे. पण तो अपवाद आतल्या आत ऐकवण्यापुरता आहे. त्याच नियमांत खासगी जागेच्या हद्दीवरचा आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये अशी अट आहे. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५. म्हणजे हॉलच्या कुंपणावर दिवसा ६० आणि रात्री ५०. आत ९५ वाजत असेल तर कुंपणापर्यंत ४५ डेसिबल उतरायला हवेत. एकपदरी सरकत्या काचा आणि पाहुण्यांसाठी सताड उघडा दरवाजा असताना ते उतरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी आणि ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या नियमांची अंमलबजावणी करायला प्रशासनाला बजावले. २०१८ मध्ये साऊंड-लाइट व्यावसायिकांची संघटना डीजेवरच्या निर्बंधाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, तिलाही गणेशोत्सवापुरता दिलासा मिळाला नाही. त्यांचा मुद्दा असा होता की यंत्र दोषी नसते, वापर दोषी असतो. मला तो मुद्दा मान्य आहे, आणि म्हणूनच यंत्र निवडतानाच वापर ठरवून टाकावा असे वाटते. चार लहान बॉक्स आत ८५ ठेवून भाषण स्पष्ट पोचवत असतील, तर कुंपणावरचे गणित आपोआप दहा डेसिबलने सोपे होते. कोणी म्हणेल, तक्रार होईपर्यंत कोण बघतो? बारा लाखांहून जास्त माणसे दाटीवाटीने राहतात तिथे तक्रार एका फोनाच्या अंतरावर असते, आणि ती बहुधा केक कापायच्या वेळी येते.

समारंभानुसार तोल बदलतो. बारसे, साखरपुडा, पहिला कम्युनियन, आजोबांची पंचाहत्तरी, ऑफिसचा निरोप समारंभ यांत संगीत मागे असते आणि बोलणे पुढे. तिथे बेसचा डबा नसला तरी चालेल, माइक दोन हवेत. वसईच्या ख्रिस्ती रिसेप्शनमध्ये सूत्रधार, टोस्ट देणारा आणि बँड यांचे माइक एकाच वेळी लागतात, तेव्हा कमी चॅनेलचा मिक्सर अडवतो. बँडसोबत ट्रम्पेट-सॅक्सोफोन असतील तर लहान हॉलमध्ये त्यांना माइक द्यायची गरजच नसते. गायकाला द्यावा आणि वाद्ये आपल्या बळावर वाजू द्यावीत. माइक तोंडाजवळ धरायला सांगणे हा सर्वांत स्वस्त उपाय. हातभर लांब धरलेला माइक आवाजाऐवजी हॉल उचलतो, मग साऊंडवाला गेन वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. टॉप नेहमी माइकच्या पुढे असावेत, मागे नव्हे. एवढे पाळले की फीडबॅकच्या बहुतेक तक्रारी संपतात.

विजेचे थोडे सांगायलाच हवे, कारण इकडे महावितरणचा पुरवठा कधी खंडित होईल याचा नेम नसतो. १६ अँपिअरच्या प्लगवर साडेतीन किलोवॅटच्या आसपासच भार घेता येतो. त्याच प्लगवर लाइट, फॉग मशीन आणि आईस्क्रीमचा फ्रीझर लावला की मशीन बंद पडते. साऊंड आणि रंगीत लाइट वेगळ्या फेजवर असावेत, नाहीतर गुणगुण ऐकू येते. ती घालवण्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जो शॉर्टकट चालतो तो पावसाळ्यात, ओल्या फरशीवर, हातात धातूचा माइक असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतो. हॉलचे अर्थिंग तपासलेले आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारल्यास मॅनेजर जरा चमकतो, चमकू द्यावा.

गाण्यांच्या परवान्याची बाब साऊंड निवडताना कोणी धरत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना ध्वनिमुद्रिते वाजवण्यासाठी सूट आहे. वाढदिवसाच्या किंवा कंपनीच्या पार्टीला ती सूट लागू होत नाही, आणि हॉलवाला परवान्याचे पैसे वेगळे मागू लागला तर तो फसवतो आहे असे दरवेळी समजू नये.

राहता राहिला सर्वांत अवघड आक्षेप: हे सगळे यजमानाने का करायचे? एका रात्रीसाठी हॉल घेणाऱ्याने छताची उंची मोजावी आणि डिले समजून घ्यावा ही अपेक्षा जास्त आहे, हे मान्य. हे काम खरे हॉलमालकाचे. प्रत्येक हॉलमध्ये भिंतीवर कायमचे बसवलेले, त्या हॉलसाठी एकदाच नीट जुळवलेले सहा-आठ लहान स्पीकर आणि एक साधा मिक्सर असेल, तर निम्म्या समारंभांना बाहेरून काही आणावेच लागणार नाही. छताच्या काही भागात आणि मागच्या भिंतीवर आवाज शोषणारे पॅनेल लावले, काचांवर जाड पडदे सोडले, तर घुमणे निम्म्यावर येऊ शकते. मालक ते करत नाहीत याचे कारण उघड आहे: बाहेरच्या साऊंडवाल्याकडून अनेक हॉल रॉयल्टी घेतात, भिंतीवरच्या स्पीकरमधून ती मिळत नाही. ब्रिटनमध्ये अनेक सामुदायिक हॉलमध्ये आवाज ठरलेल्या मर्यादेपलीकडे काही सेकंद राहिला की स्टेजवरच्या प्लगची वीजच तोडणारे यंत्र बसवलेले असते. वाजवणारे त्याला शिव्या घालतात, आणि ऐन गाण्यात मशीन बंद पडणे उपकरणांनाही बरे नव्हे. त्यापेक्षा आवाज हळूच दाबून धरणारा लिमिटर बरा. तो बऱ्याच मिक्सरमध्ये आणि आजच्या अॅक्टिव्ह बॉक्समध्ये आधीपासून असतो, फक्त लावायचा असतो. इतके कोणी मालक करेपर्यंत बुकिंगच्या कागदावर तीन ओळी वाढवून घ्याव्यात: साऊंडवाला शेवटपर्यंत मिक्सरवर थांबेल, मागच्या टेबलांसाठी वेगळे बॉक्स लागतील, आणि मास्टर किती वर न्यायचा हे घरातल्या कोणत्या एका माणसाने सांगायचे त्याचे नाव. तो माणूस नाचणाऱ्यांपैकी नसावा.